मेडोज टेलरची ‘तारा’ आणि इतिहासातला फाजलखान

शिवकाळावरील आरंभीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत फिलिप मेडोज टेलरच्या ‘तारा’चे (१८६३) नाव घ्यावे लागते. टेलर हा निजामाच्या चाकरीतला अधिकारी. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता आणि तुळजापूर त्याच जिल्ह्यात. भवानीचे देऊळ, तिथले पुजारी, मुरळ्या हे त्याच्या ओळखीचे जग होते. कादंबरीचा सरस भाग तोच.

निराशा करते ते कथानक. तारा ही व्यासशास्त्र्यांची विधवा कन्या. तिच्यावर शिवाजी महाराजांचा हस्तक मोरो त्रिमल याची वाईट नजर. मोरोवर गंगा नावाची मुरळी अनुरक्त. मोरोची बहीण राधा हीच ताराची सावत्र आई. आणि ताराचे मन जडते ते अफजलखानाचा मुलगा फाझील याच्यावर! अखेर सतीच्या चितेपासून तिला वाचवतो तोच. सतीबंदीचा कायदा १८२९ चा. चितेवरची अबला आणि तिचा तारणहार हे चित्र इंग्रज वाचकाला तोवर पाठ झालेले होते. (खलनायकाचे नाव वाचताच मोरो त्रिंबक पिंगळे आठवतात, हे मराठी वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.)

या गुंत्यात राजकारण गुदमरते. १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली. अफजलखान पूर्वी वाईचा सुभेदार होता, त्यामुळे हा मुलूख त्याच्या माहितीचा. मावळातील देशमुखांना फर्माने सुटली तेव्हा खंडोजी खोपडे खानाकडे गेले, कान्होजी जेधे महाराजांकडेच राहिले. वतन पणाला लावून घेतलेल्या या निर्णयांत केवढे नाट्य होते! टेलरच्या कथेला मात्र वेग येतो तो मोरोच्या वासनेमुळे.

काळाचेही तसेच. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या त्रयीसाठी त्याने १६५७, १७५७, १८५७ अशी वर्षे योजली. जुळणी मोहक आहे, पण प्रतापगडची भेट झाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी.

सर्वाधिक अन्याय झाला तो फाझीलवरच. इतिहासातला फाजलखान प्रतापगडाखालून निसटला आणि सात आठवड्यांच्या आत रुस्तुमजमानसोबत कोल्हापूरजवळ पुन्हा उभा ठाकला. २८ डिसेंबर १६५९ रोजी तिथे महाराजांनी दोघांचा पराभव केला. तरीही तो थांबला नाही; १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा सिद्दी जौहरच्या फौजेत तो होताच.