जॅकखालचे लाकूड : म्हैसूर परिसरातील भार उचलण्याच्या रीतींचा इतिहास

जड वस्तू उचलण्याचा इतिहास सांगताना लक्ष बहुधा उचलणाऱ्या साधनाकडे, म्हणजे तरफ, कप्पी, स्क्रूचा जॅक आणि त्यानंतर आलेला हायड्रॉलिक जॅक यांच्याकडे जाते. त्या साधनाच्या पायाखाली सरकवलेल्या ठोकळ्याची किंवा फळीची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक जॅक भार नाहीसा करत नाही, तो एका लहानशा बैठकीवर एकवटतो. दहा सेंटिमीटर बाजूच्या चौरस बैठकीवर दोन टन भार आला, तर खालच्या जमिनीला दर चौरस सेंटिमीटरमागे २० किलोचा दाब सोसावा लागतो. तिच्याखाली तीस सेंटिमीटर बाजूची, वाकणार नाही इतकी जाड फळी ठेवली, की तोच दाब नवव्या हिश्श्यावर, सव्वादोन किलोंच्या आसपास येतो. कॅराव्हान, म्हणजे राहण्याझोपण्याची सोय असलेली मोटारगाडी, मुक्कामाच्या जागी सपाट उभी करण्यासाठी तिच्या चार कोपऱ्यांना जे जॅक लावतात, त्यांच्याखाली ठोकळे ठेवण्यामागचे गणित एवढेच आहे. गाडी नवी असली तरी ही युक्ती जुनी आहे, आणि म्हैसूर शहर व त्याच्या पंचक्रोशीत तिची निरनिराळी रूपे आजही पाहावयास मिळतात.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध रूप दसऱ्याच्या मिरवणुकीतले आहे, जरी तेथे जॅकही नाही आणि जमीनही नाही. लाकडी सांगाड्यावर सोन्याचा पत्रा मढवलेली सुमारे ७५० किलो वजनाची अंबारी हत्तीच्या पाठीवर चढवण्यापूर्वी तेथे आधी नमदा, म्हणजे जाड आच्छादन, आणि त्यावर भरीव गादी बांधली जाते. हत्तीच्या पाठीचा कणा मध्यभागी उंचावलेला असल्यामुळे एवढा भार थेट त्यावर टेकला तर जखम ठरलेलीच. गादीमुळे तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या रुंद बरगड्यांवर वाटला जातो. दसऱ्याआधी काही आठवडे वाळूची पोती आणि लाकडी अंबारी पाठीवर देऊन हत्तींना सराव देण्याची पद्धत आहे. या सरावात हत्तीइतकीच गादीचीही परीक्षा होत असते, कारण एका बाजूला किंचित सरकलेली गादी साऱ्या मिरवणुकीभर अंबारी कलती ठेवते.

लाकडाचा ठोकळा खऱ्या अर्थाने कामाला येतो तो रथाच्या चाकाखाली. म्हैसूरच्या दक्षिणेला, कपिला नदीच्या काठी असलेल्या नंजनगूडच्या श्रीकंठेश्वर मंदिराच्या पंचमहारथोत्सवात पाच रथ ओढले जातात. अशा अवजड देवरथांना सुकाणू नसते आणि मोटारीसारखे ब्रेकही नसतात; धावत्या चाकापुढे नेमक्या क्षणी लाकडी पाचर सारून रथ थोपवायचा किंवा एका बाजूचे चाक अडवून तो वळवायचा, हे काम सरावलेल्या माणसांकडे असते. जळगावात १८७२ पासून चालत आलेल्या श्रीराम रथोत्सवाशी परिचित असलेल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही, कारण तेथे अशा ठोकळ्याला मोगरी म्हणतात आणि रथाला मोगरी लावणाऱ्यांचा मान दोर ओढणाऱ्यांपेक्षा कमी नसतो. दोर ओढणारा चुकला तर रथ थांबतो. मोगरी लावणारा चुकला तर माणूस चिरडला जातो.

रथाच्या चाकाखालचे लाकूड पुढे रेल्वेच्या रुळांखालीही आले. बंगळूर ते म्हैसूर हा मीटरगेज लोहमार्ग १८८२ साली पूर्ण झाला. लोहमार्गाचा स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे टाकलेले लाकूड, हाही एक प्रकारे भार पसरवणारा ठोकळाच होय : चाकाचा भार रुळावर, रुळाचा स्लीपरवर आणि स्लीपरचा खडीवर, अशा क्रमाने प्रत्येक टप्प्यावर क्षेत्रफळ वाढत आणि दाब घटत जातो. मीटरगेजच्या लाकडी स्लीपरची लांबी सुमारे १.८ मीटर असे. रुळावरून घसरलेला डबा जॅकने उचलताना हेच लाकूड जॅकच्या बैठकीखाली घालत, आणि डबा काही बोटे वर आला की त्याच्या पोटाखाली लगोलग दुसरे लाकूड सरकवत. कामगारांच्या बोलीत याला पॅकिंग देणे म्हणतात. जॅकने उचलायचे आणि लाकडाने धरायचे हा त्या कामाचा मूळ नियम आहे, कारण जॅकमधील तेलाची गळती किंवा बैठकीची घसरण यांची पूर्वसूचना मिळतेच असे नाही, उलट आडवे भरलेले लाकूड चिरडले जाण्यापूर्वी करकरून इशारा देते. पुढे काँक्रीटचे स्लीपर आले आणि मोडीत निघालेले लाकडी स्लीपर गॅरेजांत व कारखान्यांत पॅकिंग म्हणून पुन्हा कामाला लागले.

या साऱ्या कौशल्याची मोठी परीक्षा त्याच लोहमार्गालगत, म्हैसूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवरील श्रीरंगपट्टणात झाली. ज्या किल्ल्यासमोर १७९१ च्या मे महिन्यात टिपूवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला बैलांअभावी आपल्या अवजड तोफा निकामी करून माघार घ्यावी लागली आणि त्यानंतर लगेचच इंग्रजांच्या बाजूचे मराठा सरदार हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा रसद घेऊन त्याला भेटल्या, त्याच किल्ल्यात टिपू सुलतानाच्या काळातील काही जाड भिंतींच्या, अर्धवट जमिनीत गाडलेल्या वास्तू आहेत. लोकव्यवहारात त्यांना शस्त्रागार म्हणतात. बांधणी पाहता त्यांना दारूकोठार म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्यांपैकी एक वास्तू लोहमार्गाच्या दुपदरीकरणाच्या आड आली. ती पाडणे शक्य नव्हते, म्हणून २०१७ च्या मार्च महिन्यात दिल्लीतील पीएसएल आणि अमेरिकेतील वुल्फ या कंपन्यांनी मिळून सुमारे एक हजार टन वजनाची ती वास्तू अखंड उचलली आणि शंभराहून अधिक मीटर अंतरावर नेऊन ठेवली.

इमारत हलवण्याच्या धंद्याची सर्वसाधारण रीत अशी की, प्रथम भोवतालची माती काढून पाया उघडा करतात, भिंतींच्या तळाशी भोके पाडून त्यांतून पोलादी तुळया आरपार घालतात, तुळयांखाली जॅक बसवतात आणि प्रत्येक जॅकखाली चौकोनी लाकडांची एक थर उभा, एक थर आडवा अशी चळत रचतात. इंजिनिअर या चळतीला क्रिबिंग म्हणतात. वास्तू जसजशी वर येते तसतशी चळत वाढत जाते, मात्र तिची उंची तळाच्या रुंदीच्या तिपटीहून अधिक होऊ न देण्याचा दंडक पाळला जातो. विटा आणि चुन्याची जुनी भिंत दाब पुष्कळ सोसते, पण ताण फारसा सोसत नाही. त्यामुळे एका कोपऱ्यातील जॅक खालच्या भुसभुशीत जमिनीत बोटभर जरी रुतला तरी भिंतीला तडा जातो. श्रीरंगपट्टणात वापरलेली एकत्रित जॅकिंग यंत्रणा सर्व जॅकना, त्यांच्यावरील भार कमीजास्त असला तरी, सारख्याच मापाने वर ढकलते, परंतु जॅकखालची जमीन सारखी ठेवण्याची ताकद कोणत्याही यंत्रणेत नाही, ते काम तळाच्या लाकडालाच करावे लागते. म्हणून या स्थलांतराचे श्रेय संपूर्णपणे यंत्रांना देणे अपुरे ठरते.

कॅराव्हानच्या चार जॅकांवरील भार या मानाने किरकोळ असला तरी चूक तीच घडते. म्हैसूरकडची तांबडी माती कोरडी असताना घट्ट बसते. महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ओली असताना जॅकची उघडी बैठक रात्रीतून गिळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले. त्याखाली तळ उभारणाऱ्यांनी वीज-पाण्याच्या जोडण्यांइतकेच लक्ष गाडीच्या चार कोपऱ्यांखालील जमिनीकडे द्यावे, काँक्रीटचे पक्के चौथरे घालावेत आणि तेवढा खर्च पेलत नसेल तर प्रत्येक गाडीमागे टणक लाकडाचे चार रुंद ठोकळे तरी तळावर ठेवावेत.