बारगीर : घोडा कोणाचा?

मराठी लष्करी परिभाषेतील ‘बारगीर’ हा शब्द फारसीतून आला असून, ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा अशी त्याची फोड असल्यामुळे मुळात तो ओझे वाहणाऱ्या जनावराला लागू होता. दख्खनेत मात्र तो जनावरावरून उतरून त्यावर बसणाऱ्या माणसाला चिकटला. ‘स्वार’ या शब्दाच्या मुळाशीही ‘घोड्याने वाहिलेला’ असा अर्थ आहे, आणि फारसी ‘बार’ व संस्कृत ‘भार’ ही तर सख्खी भावंडे होत.

मराठ्यांच्या फौजेत ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो दोन्ही स्वतःची आणी तो शिलेदार, म्हणजे अरबी ‘सिलाह’ अर्थात शस्त्र बाळगणारा. शिवकाळात २५ बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्या स्वारांमागे पाणी वाहणारा पखालजी व घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद नेमलेला असे. बारगीर व शिलेदार हा भेद केवळ हिशेबाचा नव्हता, कारण लढाईत घोडा मेला तर बारगिराचे नुकसान सरकार सोसे, शिलेदाराची मात्र उपजीविकाच जाई. तेव्हा शिलेदार हातघाईची लढाई टाळत असेल तर त्याला भित्रा ठरवणे अन्यायाचे होईल.

‘बारगीर’ हा शब्द पुढे बंगालपर्यंत पोचला, आणि त्याची वाट वऱ्हाडातून जाते. यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब असलेल्या कान्होजी भोसले यांचे ठाणे होते. शाहू महाराजांच्या आज्ञेने चालून आलेल्या रघूजी भोसल्यांनी आपल्या या चुलत्याला वणीजवळच्या मंदर येथे पकडले, आणि वऱ्हाडची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढे १७४२पासून रघूजींच्या फौजा बंगालवर गेल्या, तेव्हा ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला व बंगालीत तो मराठा लुटारूचा वाचक बनला. घोडा कोणाच्या मालकीचा, याच्याशी लुटल्या जाणाऱ्या रयतेला अर्थातच कर्तव्य नव्हते.

बारगीर-शिलेदारांच्या फौजांचा शेवटही याच यवतमाळ जिल्ह्यात जवळ आला. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळच्या शिवणी येथे इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला, त्यानंतर तिच्यातील बहुसंख्य लोक त्याला सोडून गेले, आणि ३ जून रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला.