नगरचें एक घर आणि ख्रिस्ती कादंबरी

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागें थांबली आणि एक जाड वही मेजावर ठेवून म्हणाली, "सर, सवड होईल तेव्हां पाहाल का?" मुलगी नगर जिल्ह्यांतील एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतली. वहींत एक ऐतिहासिक कादंबरी होती. काळ चांदबिबीचा, नायक निजामशाहीच्या चाकरींतील एक तरुण मराठा शिलेदार, नायिका रेवदंड्याच्या फिरंगी वसाहतींत वाढलेली एका वैद्याची कन्या. लढाया होत्या, दर्यावरचें वादळ होतें, एक कपटी सरदारहि होता. आणि शेवटच्या प्रकरणांत नायकाचा बाप्तिस्मा होऊन दोघांचें लग्न लागत होतें. माहिती तिनें कसून मिळविली होती. 1594 सालीं फिरंग्यांनीं कोर्लईचा किल्ला घेतला, तो प्रसंग तर तिनें फार बारकाईनें वर्णिला होता. वही परत करतांना आम्ही चार बऱ्या गोष्टी बोललों. तिनें त्या ऐकून घेतल्या आणि मग विचारलें, "मी रोज प्रार्थना करूनच लिहायला बसतें, सर. मग शेवट खोटा कां वाटतो?"

शेवट खोटा उतरला आहे हें तिचें तिलाच कळलें होतें, आणि लेखकाला इतकें कळणें ही लहान गोष्ट नव्हे. पण 'कां' याचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. पुढील मजकूर म्हणजे त्या लांबलेल्या उत्तराचाच भाग आहे असें वाचकांनीं समजावें.

श्रद्धेच्या प्रेरणेनें ऐतिहासिक अद्भुतरम्य कथा लिहिण्याची हौस इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चांगलीच बळावली. 1853 सालीं चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशकानें 'हायपेशिया' लिहिली. पुढच्याच वर्षीं कार्डिनल वाइझमन यांनीं 'फाबिओला' लिहून तिला उत्तर दिलें. आणि 1855 सालीं न्यूमन यांची 'कॅलिस्टा' बाहेर पडली. तीन वर्षांत तीन धर्मगुरु कादंबरीकार झाले आणि पंथापंथांतला वाद व्यासपीठावरून उतरून कथेच्या पानांत शिरला. पुढें अमेरिकन सेनानी ल्यू वॉलेस याची 'बेन-हर' (1880) आणि पोलिश कादंबरीकार सिएन्किएविच याची 'क्वो व्हाडिस' (1896) यांनीं या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिले. त्यांतला सांचा आपल्या चांगला परिचयाचा आहे. रोमचें वैभव, एक उन्मत्त तरुण, एक शांत ख्रिस्ती कुमारी, आखाड्यांतलीं श्वापदें, आणि अखेरीस त्या तरुणाचें हृदयपरिवर्तन.

वॉलेसची हकीकत मात्र थोडी निराळी. 1876 सालीं आगगाडींत त्याची इंगरसॉल या विख्यात नास्तिकाशीं गांठ पडली. त्याच्याशीं बोलतांना आपल्याला धर्माविषयीं धड कांहींच ठाऊक नाहीं याची त्याला लाज वाटली, आणि तो अभ्यासाला लागला. कादंबरी पुरी होईपर्यंत गृहस्थ श्रद्धावान् झाला होता! येथें श्रद्धेनें कादंबरी लिहविली नाहीं. कादंबरीनेंच श्रद्धा आणली. किंग्जलीचेंहि एक श्रेय मानलें पाहिजे. 415 सालीं अलेक्झांड्रियांत हायपेशिया या विदुषीला ख्रिस्ती जमावानेंच ठार मारलें, ही गोष्ट त्या पाद्र्यानें झांकून ठेवली नाहीं; तीच त्यानें आपल्या कथेचा कळस केली. (रोमन पंथावर चार कोरडे ओढावयाची संधि त्याला साधावयाची होती हें खरें, पण हेतु कोणताहि असो, सत्य सांगितलें गेलें.)

आमच्या विद्यार्थिनीची जागाहि पूर्वीं एकानें धरून ठेवली होती. निजामाच्या पदरीं उमेदीचें आयुष्य घालविलेल्या मेडोज टेलरची 'ए नोबल क्वीन' ही कादंबरी 1878 सालीं प्रसिद्ध झाली. तिची नायिका चांदबिबीच, आणि तींत मुद्गल येथील ख्रिस्ती वस्तीलाहि त्यानें जागा दिली आहे. विषय नगरचा, पण घर नगरचें नाहीं. हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी, 1595-96 सालीं मोगली वेढ्यापुढें तटावर उभी राहिलेली आणि पुढें चार-पांच वर्षांतच आपल्याच लोकांच्या हातून मारली गेलेली ही स्त्री कोणालाहि मोहांत पाडील अशीच आहे. तरीहि नगरच्या ख्रिस्ती लेखिकेनें जेव्हां प्रथम कादंबरी लिहिली, तेव्हां ती किल्ल्याकडे गेली नाहीं. ती आपल्याच घराच्या ओटीवर बसून राहिली. कां, तेंच सांगावयाचें आहे.

रोमवरील कादंबऱ्यांत लेखकाला एक मोठी सोय असते. नायक जो धर्म सोडून येतो तो धर्म आज कोणाचाच नाहीं. ज्युपिटरच्या देवळांत दिवा लावणारें कोणी उरलेलें नाहीं. तेव्हां नायकानें पाठ फिरविली म्हणून कोणाच्या चुलीपाशीं रडें उमटत नाहीं. महाराष्ट्रांत ही सोय नव्हती. येथें सोडलेला धर्म शेजारच्याच वाड्यांत नांदत होता. त्याचा घंटानाद रोज ऐकूं येई, आणि सोडून आलेल्याची आई त्याच आळींत पाणी भरीत होती. रोमचा सांचा येथें आणून बसविला कीं पहिली गोष्ट नाहींशी होते ती ही आई.

ख्रिस्ती आशय मराठी वेषांत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर स्टीफन्स यांचा. 1579 सालीं गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचलें आणि तें 1616 सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पण ती कादंबरी नव्हे. कादंबरीचा मान बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'चा. बेळगांवचे बाबा 1854 सालीं ख्रिस्ती झाले आणि तीनच वर्षांनीं, 1857 सालीं, त्यांचें हें पुस्तक निघालें. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. यमुना आणि तिचा पति विनायक प्रवासास निघतात, ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या पाहतात-ऐकतात. पुढें विनायक मरण पावतो, यमुनेवरहि तोच प्रसंग ओढवतो, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. मराठींतील ही पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी. ती समकालीन विषयावर लिहिली गेली हें विशेष, कारण तिच्यानंतरचीं 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) हीं अद्भुताच्याच मागें लागलीं.

'यमुनापर्यटना'तील विधवा खऱ्या आहेत. केशवपनाच्या भीतीनें थरथरणारी मुलगी बाबांनीं कल्पनेनें रचलेली नाहीं. ती त्यांनीं पाहिलेली आहे. पण बाबा यमुनेच्या सोडवणुकीशीं येतात तेव्हां लेखणी घाई करूं लागते. दुःख सावकाश सांगितलें, सुटका भराभर उरकली. उत्तर आधींच हातांत असलें म्हणजे असें होतें. आम्ही बाबांना दोष देत नाहीं. पहिल्या माणसाला वाट पाडावयाची असते, बाग लावावयाची नसते. पण आमच्या विद्यार्थिनीचा शेवट त्याच ठिकाणीं अडखळला होता.

आतां नगर. अमेरिकन मिशनचीं माणसें 1831 सालीं या शहरांत आलीं. सरकारदप्तरीं आज त्याचें नांव अहिल्यानगर आहे. 'ज्ञानोदय' 1842 सालीं येथेंच निघालें. मिस फॅरार यांच्या ज्या शाळेंत सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें ती याच गांवांत. या मंडळींच्या सहवासांत 1839च्या सुमारास हरिपंत खिस्ती नांवाचा एक तरुण ब्राह्मण ख्रिस्ती झाला. त्याची पत्नी राधाबाई तेव्हां अगदीं कोवळ्या वयाची होती. पुढें हरिपंत नगरच्या मंडळीचे उपदेशक झाले, संसार मोठा झाला, आणि 14 फेब्रुवारी 1862 रोजीं त्यांना जी मुलगी झाली तिचें नांव कृपाबाई.

कृपाबाईंच्या लहानपणींच वडील वारले. वडील बंधु भास्कर यानें या मुलीच्या हातांत पुस्तकें दिलीं, तोहि अकालीं गेला. पुढें मुंबईस शिक्षण झालें. वैद्यकासाठीं इंग्लंडला जाण्याची व्यवस्था झाली होती, पण प्रकृतीनें ती मोडली. मग 1878 सालीं त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत गेल्या, पहिलें वर्ष उत्तम पार पाडलें, आणि पुन्हा अंथरुणाला खिळल्या. मद्रासेंतच सॅम्युएल सत्यनाथन् यांच्याशीं विवाह झाला. कांहीं काळ उटकमंड येथें राहून त्यांनीं मुसलमान मुलींसाठीं शाळा काढली. एकच मूल झालें, तें वर्षाच्या आंत गेलें. 1894च्या ऑगस्टांत क्षयानें त्यांचा अंत झाला तेव्हां वय बत्तीस. माहेर मराठी, सासर तमिळ आणि लेखणी इंग्रजी! मराठीच्या वांट्याला त्या आल्या नाहींत, याची रुखरुख आम्हांस कृपाबाईंचें पान उघडलें कीं दर वेळीं लागते.

त्यांची पहिली कादंबरी 'सगुणा' 1887-88 सालीं मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती आत्मचरित्रात्मक म्हणून ओळखली जाते, आणि आहेहि. पण तिचा आरंभ कृपाबाईंच्या जन्मापूर्वींचा आहे; आईच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या काळचा. त्या अर्थानें हीं प्रकरणें आमच्या मतें ऐतिहासिक कादंबरीच होत, आणि नगरच्या ख्रिस्ती समाजाची पहिली.

या प्रकरणांत कृपाबाईंनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. वडिलांचें धर्मांतर हा विषय. लेखिका स्वतः निःशंक श्रद्धावान्. पित्याच्या मनांतील शोध, त्याचें धैर्य, त्याची प्रार्थना यांनीं पानें भरून टाकणें तिला किती सोपें होतें! तेंहि तिनें सांगितलें आहे. पण तिचें अंतःकरण गुंतलें आहे तें आईच्या बाजूला. सासुरवासांत वाढलेली ती मुलगी, नवरा बाटला हें कानीं पडतांच तिच्यावर कोसळलेला आकाश-पाताळांतला अंधार, त्याच्या घरीं आल्यावरहि तिला वाटणारी शिसारी आणि भीति, सोडून आलेल्या माणसांची ओढ. आणि मग वर्षानुवर्षें, कोणाच्या आज्ञेनें नव्हे तर नवऱ्याचा स्वभाव पाहून, तिचें हळूहळू वळत गेलेलें मन. लेखिका ज्या श्रद्धेंत जन्मली त्या श्रद्धेची किंमत आईनें मोजली होती, हें ती विसरत नाहीं आणि वाचकाला विसरूं देत नाहीं.

त्याहून मोठी कसोटी 'कमला' या दुसऱ्या कादंबरीची. ती 1894 सालीं निघाली. लिहितांना मृत्यु उशाशीं बसला होता. नायिका हिंदु, संन्यस्त वृत्तीच्या पित्याची एकुलती मुलगी. गणेशाशीं तिचें लग्न होतें. सासरचा छळ, नवऱ्याचें दुसरीकडे लागलेलें मन, आणि शेवटीं वैधव्य. आतां रामचंदर, जो तिच्यावर मनापासून प्रेम करतो, पुढें येऊन तिला मागणी घालतो. 'यमुनापर्यटना'चा वाचक येथें पुढचें पान ओळखूं लागतो. पण कमला नकार देते. तिचे संस्कार, तिचा धर्म, तिच्या मनावरचा जुना अंमल यांच्यापुढें प्रेम हरतें. ती उरलेलें आयुष्य दीनांच्या सेवेंत घालविते. कृपाबाईंना हा निर्णय पटलेला नाहीं, हें त्या लपवीत नाहींत. तरी त्यांनीं कमलेला ख्रिस्ती केलें नाहीं, तिचें लग्नहि लावून दिलें नाहीं. तसें करण्यास त्यांना कोण अडविणार होतें? लेखणी त्यांची, श्रद्धा त्यांची, आणि पुढें वेळ थोडा होता. अशा वेळीं आपल्या पात्राला आपल्याविरुद्ध जाऊं देणें हें अश्रद्धेचें लक्षण खास नव्हे. जो मनुष्य 'परमेश्वर प्रत्येकाचें अंतःकरण जाणतो' असें मनापासून मानतो, तोच दुसऱ्याच्या अंतःकरणाशीं इतक्या अदबीनें वागूं शकतो असें आम्हांस वाटतें.

नगरला हीच कथा पुन्हा एकदां घडली. 1895 सालीं रे. टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागें राहिल्या. आणि कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर नगरास आल्या त्या आपली चूल वेगळी ठेवून. राधाबाईंच्या कहाणीला तेव्हां अर्धें शतक उलटून गेलें होतें. लक्ष्मीबाईंनीं कादंबरी लिहिली नाहीं. 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, आणि टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुरें केलें. त्या 'स्मृतिचित्रां'त सोंवळ्याची घागर आणि नवा धर्म एकाच घरांत नांदतात, दोहोंचीहि थट्टा होते, आणि दोहोंपैकीं एकाचाहि अपमान होत नाहीं. असे पुस्तक हातीं असतांना रोमच्या आखाड्यांतील सिंह आणावयाला कोण जाईल?

असो. एवढें सगळें मनांत जुळल्यावर आम्ही त्या मुलीला बोलावून घेतलें. उपदेश केला नाहीं, एकच विचारलें, "तुझ्या शिलेदाराची आई कोठें आहे?" तिनें वही चाळली. आई एका ओळींत होती. मुलगा बाप्तिस्मा घेणार हें कळल्यावर ती 'शोकाकुल झाली' असें लिहिलेलें होतें, आणि पुढच्याच ओळींत रेवदंड्याच्या चर्चची घंटा वाजत होती.

ती कांहीं न बोलतां वही घेऊन गेली. परवां टपालानें एक प्रकरण आलें आहे. त्यांत शिलेदाराची आई पहाटे दळावयास बसते. मुलगा उंबऱ्याबाहेर उभा असतो. त्यानें आंत यावें कीं न यावें हें दोघांनाहि ठरवितां येत नाहीं. जात्याची घरघर थांबत नाहीं. प्रकरण तेथेंच संपतें. खालीं पेन्सिलीनें लिहिलें आहे, "सर, पुढें काय होतें तें मला अजून ठाऊक नाहीं."