माध्यमिक संप्रदाय

महायान बौद्ध तत्त्वज्ञानातील एक प्रमुख संप्रदाय. सर्व पदार्थ स्वभावशून्य आहेत, या त्याच्या मुख्य सिद्धांतामुळे त्यास ‘शून्यवाद’ असेही म्हणतात. सु. दुसऱ्या शतकात होऊन गेलेला नागार्जुन हा त्याचा प्रवर्तक. परंपरा त्याचा संबंध दक्षिण भारताशी व एका सातवाहन राजाशी जोडते. त्याची २७ प्रकरणांची मूलमध्यमककारिका हा संप्रदायाचा आधारग्रंथ होय.

सिद्धांत : धर्मांना म्हणजे मूलघटकांना स्वतःचा स्वभाव असतो, असे सर्वास्तिवादी हा बौद्ध संप्रदाय मानत असे. नागार्जुनाने ते नाकारले. जे कारणसामग्रीवर अवलंबून उत्पन्न होते, त्याला स्वयंसिद्ध स्वभाव असू शकत नाही. म्हणून प्रतीत्यसमुत्पाद हीच शून्यता. शून्यता म्हणजे अभाव नव्हे. शाश्वतवाद व उच्छेदवाद ही दोन्ही टोके टाळणारा तो मध्यम मार्ग आहे. सर्वच शून्य असेल तर चार आर्यसत्ये कशी टिकतील, या आक्षेपाला चोविसाव्या प्रकरणात उलट उत्तर आहे : स्वभाव अचल मानला, तर दुःख उत्पन्नही होणार नाही आणि त्याचा निरोधही होणार नाही. उपदेश व्यवहाराच्या म्हणजे संवृतिसत्याच्या आधारे होतो. त्यावाचून परमार्थसत्य सांगता येत नाही.

युक्तिवाद : प्रतिपक्षाच्याच गृहीतांतून विसंगती काढून दाखवणे, ही ‘प्रसंग’ पद्धत. दुसऱ्या प्रकरणात गतीची परीक्षा आहे. चालून झालेल्या वाटेवर चालणे उरलेले नाही. न चाललेल्या वाटेवर ते सुरू झालेले नाही. आणि या दोहोंवाचून ‘चालली जात असलेली’ वाट वेगळी दाखवता येत नाही. व्यवहारातले चालणे याने खोटे ठरत नाही; स्वभावसिद्ध गती मात्र नाकारली जाते.

परंपरा : नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव याने चतुःशतक रचले. सहाव्या शतकात भावविवेकाने स्वतंत्र अनुमानाचा आग्रह धरून, केवळ प्रसंग पद्धत वापरणारा कारिकांचा भाष्यकार बुद्धपालित याच्यावर टीका केली. सातव्या शतकात चंद्रकीर्तीने प्रसन्नपदा या कारिकांवरील भाष्यात बुद्धपालिताची बाजू घेतली. यांतून ‘स्वातंत्रिक’ व ‘प्रासंगिक’ असे भेद मानले गेले. ही नावे तिबेटी पंडितांनी रूढ केली. शांतिदेवाचा बोधिचर्यावतार याच परंपरेतला. कुमारजीवाच्या भाषांतरांमुळे हे मत चीनमध्ये, तर आठव्या शतकात शांतरक्षित व कमलशील यांच्यामुळे तिबेटात रुजले.

आधुनिक अभ्यासकांपैकी प. ल. वैद्य यांचा चतुःशतकावरील फ्रेंच प्रबंध १९२३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये त्यांनी प्रसन्नपदेसह मध्यमकशास्त्राची (म्हणजे मूलमध्यमककारिकेची) देवनागरी आवृत्ती दरभंग्याहून काढली.