इंजिन बैठक (स्वनिर्मित विमाने)

इंजिन बैठक किंवा इंजिन माउंट म्हणजे विमानाचे इंजिन सांगाड्याला जोडणारी पोलादी नळ्यांची चौकट, तसेच तिचे बोल्ट, रबरी बुश इत्यादी भाग. स्वनिर्मित विमानात मोटारगाडीचे इंजिन वापरताना बैठक स्वतंत्रपणे आखावी लागते. कारण त्या इंजिनावरील जोडस्थाने गाडीच्या गरजेनुसार ठेवलेली असतात.

इतिहास
अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास आपल्या 'एअर कँपर' विमानात फोर्ड मॉडेल ए गाडीचे इंजिन बसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगन बीटलचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन हलक्या विमानांसाठी लोकप्रिय झाले.

बैठकीवरील भार
गाडीत इंजिनाचे वजन, पीळ व धक्के पेलावे लागतात. विमानात यांखेरीज पंख्याची ओढ बैठकीमार्फतच सांगाड्याला पोहोचते. वळण घेताना व झंझावातात इंजिनाचा भार वजनाच्या कित्येक पट होतो. विमानाचे नाक वर-खाली होताना फिरता पंखा भोवऱ्याप्रमाणे वागून बैठकीला बाजूकडे रेटतो. म्हणून नळ्यांची रचना त्रिकोणी ठेवतात. बैठकीच्या लांबीवर विमानाचा गुरुत्वमध्यही अवलंबून असतो. इंजिन जड असल्यास ते मागे घ्यावे लागते.

फोक्सवॅगन इंजिनाची जोडणी
बीटलमध्ये इंजिन चार बोल्टांनी गिअरबॉक्सला जोडलेले असते. पंखा पुलीच्या टोकाला बसवल्यास फ्लायव्हीलची बाजू विमानाच्या अग्निरोधक भिंतीकडे येते व हीच चार भोके बैठकीसाठी वापरता येतात. पंखा फ्लायव्हीलच्या टोकाला असल्यास मात्र वेगळी आधारपट्टी लागते. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे पोलादापेक्षा मऊ असते. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्यास त्यातील आटे निघतात.

साहित्य व तपासणी
चौकटीसाठी बहुधा ४१३० क्रमांकाच्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या वेल्डिंगने जोडतात. रबरी बुश कंपने शोषून घेतात. रबर जळाले तरी इंजिन निखळू नये, यासाठी बोल्टवर मोठ्या व्यासाचे वॉशर घालतात. नायलॉनची कडी असलेले नट सुमारे १२० अंश सेल्सिअसपलीकडे पकड गमावतात. त्यामुळे उष्ण जागी पूर्णतः धातूचे स्वयंबद्ध नट किंवा खाचांचे नट व दुभंगी पिन वापरतात. वेल्डिंगच्या कडेला पडणारे तडे हा बैठकीचा प्रमुख दोष होय. बैठक तुटून इंजिन निखळल्यास गुरुत्वमध्य एकदम मागे सरकतो आणि विमान सावरता येत नाही. म्हणून नियतकालिक तपासणीत हे सांधे स्वच्छ पुसून, भिंग लावून पाहतात.