भाव ठरण्याआधीची गिऱ्हाइकं

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना विकलं गेलं. रुपयांत ११८ कोटींच्या आसपास. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती, त्यामुळे बातमी आकड्याची झाली आणि आपण सगळ्यांनी ती फॉरवर्ड केली.

त्या बातमीत एक माणूस मागे राहून गेला. लिऑन वोलोदार्स्की हा युक्रेनमध्ये जन्मलेला, नॉर्वेत स्थायिक झालेला डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी तो दिल्लीत आला होता आणि १९५४ साली त्यानं हे चित्र विकत घेतलं. ते ओस्लोला गेलं, १९६४मध्ये तिथल्या रुग्णालयाकडे आलं आणि पुढची कित्येक दशकं तिथल्याच एका भिंतीवर राहिलं. विकत घेतलं तेव्हा या डॉक्टरकडे गूगल नव्हतं, लिलावांचे जुने आकडे नव्हते आणि 'हुसेन' या नावाला आजचं वजनही नव्हतं. समोर होतं ते फक्त चित्र.

पहिला पगार स्थिरावला, भाड्याच्या घरातली एक भिंत रिकामी दिसायला लागली, की आपल्यातल्या काहींना वाटतं, एखादं खरं चित्र घ्यावं. आणि लगेच भीती वाटते: आपल्याला यातलं काय कळतं? या भीतीवर मला सगळ्यात चांगलं उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडतं. कारण आज कोटींत विकली जाणारी चित्रं कधीकाळी कुणीतरी, कुठलाही भाव ठरलेला नसताना, पहिल्यांदा विकत घेतली होती.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझांना जे. जे.मधून काढून टाकलेलं. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून आलेले. आरांनी घरगडी म्हणून दिवस काढलेले. अशा पोरांची चित्रं कोण घेणार?

घेतली ती आधी तीन निर्वासितांनी. नाझींमुळे मायदेश सोडून मुंबईत आलेली ही माणसं. रुडॉल्फ फॉन लायडन शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ, पण टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहायचा. वॉल्टर लँगहॅमर मूळचा व्हिएन्नाचा चित्रकार, टाइम्समध्येच आर्ट डायरेक्टर. त्याच्या नेपियन सी रोडवरच्या घरी हे तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या चित्रांची पुस्तकं चाळत, वाद घालत. तिसरा इमॅन्युएल श्लेसिंगर, औषधांचा कारखानदार. तो चित्रं विकत घ्यायचा.

या तिघांकडे काही गूढ दृष्टी होती असं नाही. त्यांनी आयुष्यभर खूप चित्रं पाहिली होती, एवढंच. फॉन लायडननं पुढे गंजिफांचा संग्रह केला. सावंतवाडीत रंगवतात तेच ते गोल पत्ते. म्हणजे मोठ्या नावाशिवाय, कारागिराच्या हातची वस्तूही त्याला तितकीच पाहण्याजोगी वाटत होती.

त्याच काळात केकू गांधींनी फ्रेमचा धंदा सुरू केला होता, केमोल्ड नावाचा. फ्रेम दाखवायला आत चित्र लागतं, म्हणून दुकानात या नव्या चित्रकारांची चित्रं लागायला लागली. १९६३मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची गॅलरी उघडली. मुंबईतल्या सगळ्यात नावाजलेल्या गॅलऱ्यांपैकी एकीची सुरुवात फ्रेमच्या दुकानातून झाली.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो चौथा ग्राहक, होमी भाभा. भाभा लहानपणी जहांगीर लालकाका यांच्याकडे चित्रकला शिकले होते आणि स्वतः उत्तम रेखाटनं करायचे. टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करताना त्यांनी अंदाजपत्रकाचा एक टक्का कलाकृतींसाठी ठेवण्याची परवानगी नेहरूंकडून मिळवली. मग हा भौतिकशास्त्रज्ञ प्रदर्शनांतून फिरून चित्रं निवडायला लागला. हुसेन, आरा, हेब्बर, गायतोंडे, तय्यब मेहता अशांची चित्रं आली. नागपूरकडून आलेल्या बी. प्रभा तेव्हा अगदी नवख्या होत्या, त्यांची तीन चित्रं भाभांनी घेतली. कुलाब्याच्या इमारतीत हुसेन यांचं सुमारे ४५ फूट लांबीचं भित्तिचित्र आहे, तेही स्पर्धा घेऊन निवडलेलं.

ही चित्रं तिजोरीत गेली नाहीत. ज्या संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतात बनलेल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी एक उभा राहिला, तिथल्याच मार्गिकांमध्ये ती टांगली गेली. दिवसभर कोडमधला बग शोधून डोकं आंबल्यावर चहाला जाताना वाटेत गायतोंडे दिसणं, हा त्या खरेदीवरचा रोजचा परतावा होता.

आता उलटी बाजू. अशा गोष्टी ऐकल्या की वाटतं, आपणही आज एखादा 'उद्याचा गायतोंडे' हेरावा. पण आपल्यापर्यंत पोचतात त्या फक्त लागलेल्या तिकिटांच्या गोष्टी. भाभांच्या काळापासून जमत गेलेल्या अडीचशेच्या आसपास कलाकृतींमधली सगळीच नावं आज लिलावात गाजत नाहीत. शिवाय निवडणाऱ्यांच्या ओळखीच्या वर्तुळालाही सीमा होत्या. त्या घरांपर्यंत, त्या गॅलऱ्यांपर्यंत न पोचलेले चित्रकार कितीतरी असणार. त्यामुळे चित्राकडे शेअरसारखं पाहायचं असेल, तर इतिहासाचा आधार कच्चा आहे.

पण त्या पहिल्या खरेदीनं एक गोष्ट नक्की केली. कृष्ण खन्ना तेव्हा बँकेत नोकरी करत होते आणि त्यांच्या चित्रांच्या पहिल्या ग्राहकांत भाभा होते. १९६१ साली त्यांनी ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी हुसेन, गायतोंडे आणि बाळ छाबडा बँकेबाहेर त्यांची वाट पाहत उभे होते. पगार सोडून चित्रं काढायची हिंमत कुठून येते? आपली चित्रं कुणीतरी पैसे मोजून घरी नेतं, या अनुभवातून थोडी तरी येत असणार.

गायतोंडेंचं उदाहरण तर बोचणारं आहे. गिरगावातल्या चाळीत वाढलेला हा माणूस दिल्लीत साधेपणानं एकटा राहिला, २००१ साली गेला. २०१३मध्ये त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. त्यातला एक रुपयाही त्यांच्या उपयोगाचा नव्हता. चित्रकाराला रंग, भाडं आणि वेळ मिळवून देतो तो सहसा पहिला ग्राहक. त्यानंतरचे व्यवहार बहुतेक मालकामालकांमधले.

म्हणून नव्यानं घेणाऱ्यानं आधी पाहायला शिकावं. जहांगीरला प्रदर्शनं सतत बदलतात, आत जायला पैसे लागत नाहीत आणि बऱ्याचदा चित्रकार तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्याशी बोला. जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन बघा. कॅनव्हास परवडत नसेल तर रेखाटन घ्या, छापाचित्र घ्या. छापाचित्राच्या खाली पेन्सिलीनं सही आणि ५/२५ असा आकडा असतो, म्हणजे पंचविसांतला पाचवा छाप. मूळ चित्राचा फोटो काढून केलेला प्रिंट ही वेगळी वस्तू, तिला छापाचित्राचा भाव देऊ नका. बिल घ्या, त्यावर चित्राचं नाव, माध्यम, आकार आणि वर्ष लिहून घ्या.

आणि घेण्याआधी आठवडाभर थांबा. शनिवारी पाहिलेलं चित्र पुढच्या शुक्रवारीही आठवत असेल, तर पुन्हा जाऊन त्याच्यासमोर उभे राहा. ते उद्या कितीला विकलं जाईल, हे तिथे उभं राहून कुणालाच कळणार नाही. रोज ऑफिसातून थकून आल्यावर ते बघायला आवडेल का, एवढं मात्र कळेल.