एका तबकडीचें ऋण

इसवी सन १९७९ च्या जानेवारीची २६ तारीख. इंग्लंडांतील वेलिंगबरो गांवच्या एका लहानशा ध्वनिमुद्रणगृहांत चार तरुण आपलीं वाद्यें घेऊन आले. त्यांची मंडळी जमून जेमतेम सहा आठवडे झाले होते. गायकानें असल्या जागेचा उंबरठा पूर्वीं ओलांडलेला नव्हता, आणि त्यांतून त्या दिवशीं त्याला पडसें झालें होतें. गाणें साडेनऊ मिनिटांचें. तें त्यांनीं एकदांच, सलग वाजविलें, आणि तेंच तबकडीवर गेलें. या एका दिवसाच्या कामानें चौघांस कीर्ति दिली खरी, परंतु जन्मभर फेडावें असें एक ऋणहि त्यांच्या माथीं बसविलें. त्या ऋणाची हकीकत आम्ही येथें सांगूं इच्छितों. अंधारप्रिय रॉकवाल्यांची बखर आपल्या बैठकींत कशास, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांनीं थोडा धीर धरावा अशी विनंति आहे.

चौघेहि नॉर्दॅम्प्टनच्या परिसरांतले. हें शहर जोड्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध, संगीताबद्दल नव्हे. गायक पीटर मर्फी छापखान्यांत काम करीत असे. गिटार वाजविणारा डॅनिअल अॅश त्याचा शाळासोबती. बास गिटारवरचा डेव्हिड जे आणि ड्रमवरचा केव्हिन हॅस्किन्स हे सख्खे भाऊ. या चौकडीनें (हा शब्द मराठींत जरा वाईट अर्थाचा, येथें तो निरपराध समजावा) आपणांस ‘बाउहाउस १९१९’ असें नांव घेतलें, व लवकरच त्यांतलें साल गाळलें. मूळचें बाउहाउस म्हणजे १९१९ सालीं वायमार येथें स्थापन झालेली आणि १९३३ सालीं नाझी अमलांत बंद पडलेली जर्मन कलाशाळा. तिच्या कलावंतांचीं चित्रें १९२२ च्या डिसेंबरांत कलकत्त्याच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं होतीं. तेव्हां हें नांव आपल्या देशास अगदींच परकें नव्हे. वायफळ कांहीं ठेवावयाचें नाहीं, हा त्या शाळेचा बाणा या मुलांच्या संगीतांतहि उतरला होता असें आम्हांस वाटतें.

आतां तें गाणें. बेला लुगोसी या हंगेरियन नटानें १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटांत रक्तपिपासू सरदाराची भूमिका केली, आणि ती त्याला अशी चिकटली कीं १९५६ सालीं मेल्यावर त्याला पुरलें तेंहि ड्रॅक्युलाच्या झग्यांत. या लुगोसीच्या मरणावर गाणें रचलें आहे. आरंभीं ड्रमचा हलका, कोरडा खडखडाट. मग बास पायरीपायरीनें खालीं उतरूं लागते. गिटार तर सूर धरीतच नाहीं, नुसती ओरखडे काढते, आणि त्या ओरखड्यांचे प्रतिध्वनि भुयारांत शिरल्यासारखे दूर दूर विरत जातात. प्रतिध्वनीची ही युक्ति जमेकांतील ‘डब’ संगीतापासून घेतलेली. सुमारें तीन मिनिटें गायक तोंडच उघडीत नाहीं. आपल्याकडील बैठकीच्या श्रोत्यांस या दमाचें नवल वाटणार नाहीं. परंतु तेवढ्या अवकाशांत अख्खें गाणें आटोपण्याची संवय असलेल्या तिकडच्या श्रोत्यांस तें फार वाटलें. ऑगस्ट १९७९ मध्यें ‘स्मॉल वंडर’ या लंडनच्या एका छोट्या दुकानवजा कंपनीनें ती तबकडी काढली, आणि पुढें ‘गॉथिक रॉक’ म्हणून जो पंथ निघाला त्याचा मूळपुरुष शोधणारे लोक हटकून या तबकडीपाशीं येऊन थांबूं लागले.

‘गॉथिक’ हा शब्द मोठा भटका. मुळांत एका जर्मन जमातीचें नांव. पुढें तो टोकदार कमानींच्या चर्चांना लागला, मग अठराव्या शतकांत पडक्या वाड्यांतल्या भुतांच्या कादंबऱ्यांना, आणि सरतेशेवटीं काळे कपडे घालणाऱ्या गायकांना. बाउहाउसला तो शिक्का कधींच मानवला नाहीं. त्यांचें म्हणणें आम्हांस रास्त वाटतें, कारण त्यांच्या १९८० ते १९८३ या काळांतल्या चार मोठ्या तबकड्या ऐकल्या म्हणजे भुतांपेक्षां निराळेंच कांहीं हातीं लागतें. १९८२ च्या ‘द स्काय्ज गॉन आउट’ मध्यें ‘एक्झिक्विझिट कॉर्प्स’ नांवाचें एक गाणें आहे. कागदाची घडी घालून एकानें काढलेलें दुसऱ्यास न दाखवितां पुढें चित्र काढावयाचें, असा अतिवास्तववादी चित्रकारांचा एक खेळ होता; त्याचेंच हें नांव, आणि गाणेंहि त्याच धर्तीवर जुळविलेलें. हा वारसा स्मशानाचा नव्हे, स्वप्नाचा आहे. आणि साठीच्या दशकांत ‘सायकेडेलिक’, म्हणजे मन उघडें करून दाखविणारें, म्हणून जें रंगीबेरंगी संगीत निघालें, त्याचा तो सोयरा आहे.

त्याच वर्षीं डेव्हिड बोवीच्या ‘झिगी स्टारडस्ट’ची नक्कल करून त्यांनीं इंग्लंडच्या यादींत १५ वें स्थान मिळविलें. १९८३ च्या ‘द हंगर’ चित्रपटांत, ज्यांत स्वतः बोवी आहे, आरंभींच ते लुगोसीचें गाणें गातांना दिसतात. ‘दिसतात’ म्हणणें तरी अर्धवटच खरें, कारण कॅमेरा बहुतेक वेळ एकट्या मर्फीवर आहे. चौघांच्या मंडळींत अशा गोष्टी विसरल्या जात नसाव्यात.

आणि मग दैवाचा एक विलक्षण फेरा आला. चौथ्या तबकडीच्या वेळीं मर्फी न्युमोनियानें अंथरुणास खिळला. काम थांबविण्याऐवजीं उरलेल्या तिघांनीं तें पुढें नेलें. अॅश गायला, डेव्हिड जे गायला. ‘हू किल्ड मिस्टर मूनलाइट’ या गाण्यांत तर ओरखड्यांचा मागमूसहि नाहीं. पियानोच्या संथ सुरांवर जणूं कोणी झोपेंत बोलत आहे. मर्फी बरा होऊन परतला तेव्हां घरांत दुसरें बिऱ्हाड थाटलेलें होतें. ५ जुलै १९८३ रोजीं लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले येथें त्यांचा कार्यक्रम झाला. तो शेवटचा आहे हें श्रोत्यांस ठाऊक नव्हतें. ‘शांतपणें विसावा घ्या’ अशा अर्थाचे, थडग्यावर कोरतात ते शब्द उच्चारून डेव्हिड जे रंगमंचावरून उतरला. तबकडी बाजारांत आली तेव्हां मंडळी उरली नव्हती.

१९८५ सालीं पुन्हा एकत्र येण्याचा विचार झाला. ठरलेल्या तालमीस मर्फी आलाच नाहीं असें सांगतात. तेव्हां तिघांनींच ‘लव्ह अँड रॉकेट्स’ हें नवें नांव घेतलें, तेंहि एका अमेरिकन चित्रमालिकेवरून. येथें तो स्वप्नाचा वारसा उघड्यावर आला. गिटारी झुलूं लागल्या, आवाज एकमेकांत मिसळले, काळ्या कपड्यांवर ऊन पडलें. १९८६ च्या ‘एक्सप्रेस’ या तबकडीवर एका गाण्याचें नांवच ‘कुंडलिनी एक्सप्रेस’. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांतली कुंडलिनी आगगाडीला जोडलेली पाहून आम्हांस हंसूं आलें हें कबूल केलें पाहिजे. रागावण्याचें मात्र कारण दिसलें नाहीं. पुढल्या वर्षींच्या ‘अर्थ, सन, मून’ मध्यें बासरीपर्यंत मजल गेली, आणि आमच्या मतें तीच त्यांची सर्वांत निरोगी कृति. १९८९ सालीं ‘सो अलाइव्ह’ या गाण्यानें अमेरिकेंत तिसरें स्थान पटकाविलें. बाउहाउसला तेथें असलें यश कधीं लाभलें नव्हतें. खुद्द इंग्लंडनें मात्र या गाण्याची फारशी दखल घेतली नाहीं.

एवढें होऊनहि लोकांची मागणी कसली? लुगोसीची. १९९८ सालीं चौघे पुन्हा एकत्र आले. २००५ सालीं कॅलिफोर्नियांतील कोचेला महोत्सवांत मर्फीनें वटवाघुळासारखें उलटें टांगून घेऊन तें गाणें म्हटलें. थट्टा म्हणावी कीं शरणागति, हें आम्हांस आजवर ठरवितां आलेलें नाहीं. २००८ ची ‘गो अवे व्हाइट’ ही तबकडी १८ दिवसांत पुरी केली, आणि ती निघण्यापूर्वींच मंडळी पुन्हा मोडली होती.

१९८३ सालीं एकमेकांची गैरहजेरी त्यांना भोंवली. साथीच्या रोगानें जग कोंडलें गेलें असतां तीच गैरहजेरी त्यांनीं कामास लावली. चौघांनीं आपापल्या ठिकाणीं, दुसऱ्यानें काय वाजविलें तें न ऐकतां, एकेक भाग मुद्रित केला. ड्रमचा एक ठेका तेवढा सर्वांस सामाईक होता. तो जुना कागदाच्या घडीचा खेळच. तुकडे जुळवून झालेलें ‘ड्रिंक द न्यू वाइन’ हें गाणें मार्च १९२२ नव्हे, २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें. कलकत्त्याच्या प्रदर्शनाचें साल लेखणीच्या टोकाशीं घोटाळत राहिलें, त्याची वाचकांनीं क्षमा करावी. त्या गाण्यांत लुगोसी कोठेंहि नाहीं.